आजोबांची माळ आणि वस्तीतलं पाणी

तू लिहिलंयस की वय २५, भांडुपच्या डोंगरावरच्या एका वस्तीत दोन वर्षं संघटनेचं काम करतोयस, आजोबा माळकरी, घरात वारी चुकत नाही. पाण्याच्या मिटिंगमध्ये तू वारीचं उदाहरण दिलंस तर एक सहकारी सगळ्यांसमोर म्हणाला की हे ओझं बाहेर ठेव, न्यायाची भाषा संविधानाची असते, संस्कृती आणली की मागून जात येतेच. घरी उलटं, वडील म्हणतात मोर्चे आणि घेराव आपल्या संस्कारात बसत नाहीत. आणि मग तुझा प्रश्न, की माझ्या घरच्या संस्कृतीचा आणि या कामाचा खरंच काही संबंध आहे का, की मीच ओढून ताणून जोडतोय.

माझा मुलगा तुझ्याहून दोन वर्षांनी मोठा आहे म्हणून अरे-तुरे करतेय. १९९६ पासून वस्त्यांमध्ये आहे, बराचसा काळ मानखुर्द-गोवंडीच्या बाजूला, पाणी, रेशन, संडास, तोडकाम हेच विषय. त्यामुळे पुस्तकी उत्तर माझ्याकडे नाही, जे पाहिलंय तेच सांगते.

संबंध आहे, यात मला शंकाच नाही. तुला खरं अडलंय ते दुसरंच असावं. आजोबांकडून आलेल्यातलं काय घ्यायचं आणि काय सोडायचं, आणि घेतलेलं दुसऱ्याच्या दारात कसं न्यायचं, हे ठरत नाहीये. आणि तू लिहिलं नाहीस पण दोन वर्षं झालेल्या प्रत्येकाच्या मनात असतं ते म्हणजे मी यात टिकणार का. राग सगळ्यांकडे असतो रे, पहिलं वर्ष रागावर निघतं. आठव्या वर्षी फाइल त्याच टेबलावर असते, इंजिनीअर तीनदा बदललेला असतो आणि वस्तीतली अर्धी माणसं डेव्हलपरच्या ऑफिसात चहा पीत असतात, तेव्हा माणूस कशावर उभा राहतो? माझा अनुभव असा की तिथे वारसाच कामी येतो, पण अख्खा नाही, त्यातला निवडलेला भाग.

पुढे जाण्याआधी एक गोष्ट, कारण याचं उत्तर प्रत्येकाला सारखं लागू होत नाही. तू कुठल्या घरातून आलास यावर खूप अवलंबून आहे. तुझ्यामाझ्यासारख्याला निवड तरी करता येते, आज वारीबद्दल बोलू, उद्या नाही. आमच्यातला बौद्ध कार्यकर्ता वस्तीत गेला की समोरचा पहिले आडनाव विचारतो आणि त्याचा वारसा काय ते परस्पर ठरवून टाकतो, त्याला ती मुभाच नसते. दुसरं म्हणजे वस्ती कशी आहे. एकाच तालुक्यातून आलेल्या लोकांची चाळ असेल तर गावदेवीच्या जत्रेवरून सुरुवात केली तरी माणसं जमतील. मिश्र वस्तीत तेच केलं तर अर्धे लोक गप्प होतात. आणि ज्यांनी १९९२-९३ च्या दंगली पाहिल्यात त्यांच्या गल्लीत लाउडस्पीकरवरच्या आरतीचा अर्थच वेगळा आहे, त्या दिवसांत महाआरत्यांनी काय झालं ते त्यांना आठवतं. तुझ्या आईला ती आरती म्हणजे घर वाटेल, तिथल्या बाईला दार लावून घ्यावंसं वाटेल. दोन्ही खरं आहे.

आता निवडण्याबद्दल. यात मला सगळ्यात जास्त शिकवलं ते नारायण मेघाजी लोखंडे यांनी. सत्यशोधक, फुल्यांचे सहकारी, १८८४ मध्ये त्यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांची संघटना बांधली. तेव्हा आठवड्याची सुट्टी हा प्रकारच नव्हता. त्यांनी रविवार मागितला, दुपारी अर्धा तास जेवायची सुट्टी मागितली, पगार महिन्याच्या १५ तारखेच्या आत मागितला. रविवार का, तर तो खंडोबाचा वार, कामगाराला देवालाही जाता यावं, अशी बाजू त्यात मांडली होती असं सांगतात. १० जून १८९० पासून गिरण्यांना रविवारची सुट्टी लागली. जेजुरीचा देव मागणीपत्रात आणला आणि त्यातून लाखो माणसांना आठवड्याचा एक दिवस मिळाला, ही काय साधी गोष्ट आहे?

पण त्याच वर्षी, १८९० मध्येच, मुंबईतल्या न्हाव्यांनी एकत्र येऊन विधवांचं केशवपन करणार नाही असं जाहीर केलं आणि त्याच्या मागेही लोखंडेच होते. म्हणजे बघ, एकच माणूस, एकच वर्ष. खंडोबाचा वार त्यांनी उचलला आणि केशवपनाची रूढी झिडकारली, आणि दोन्ही तेव्हा परंपराच होत्या. मी त्यातून एक कसोटी घेतली ती आजतागायत वापरते. या परंपरेने कोणाला विसावा मिळतो आणि कोणाच्या डोक्यावर वस्तरा चालतो? वारी, गणपती, जयंती, मोहरम, लग्न, काहीही असो, मी आधी हे विचारते आणि मग ठरवते.

ही कसोटी स्वतःच्या घराला लावली तेव्हा मात्र फार त्रास झाला, ते सांगते कारण तुलाही होईल.

मी लालबागची. वडील गिरणीत साचेखात्यात, म्हणजे कापड विणायच्या मागावर. १८ जानेवारी १९८२ ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला तेव्हा मी नऊ वर्षांची होते, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले होते. आमच्या चाळीत आमच्या गावच्या मंडळाची एक खोली होती, बैठकीची खोली म्हणायचे, वीस-पंचवीस पुरुष पाळीपाळीने झोपायचे, प्रत्येकाची एक ट्रंक आणि एक वळकटी. संपात त्या खोलीनेच आम्हाला जगवलं. गावाहून तांदूळ यायचा तो मंडळात उतरायचा, वाटा व्हायचा. आईसारख्या बायका आधीपासून खानावळीचे डबे करायच्या, त्यांनी महिनोन्‌महिने उधारीवर जेवू घातलं आणि स्वतःची डोरली गहाण ठेवली. (याच खानावळवाल्या बायकांना प्रेमा पुरवांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळात आणलं होतं, सावकाराऐवजी बँकेचं कर्ज मिळावं म्हणून. ती गोष्ट मोठी आहे, परत कधीतरी.) तो संप कोणी रीतसर मागे घेतलाच नाही. माणसं हळूहळू गावी गेली, काही परतलीच नाहीत. मी या कामात का आले असं कोणी विचारलं की मी वर्षानुवर्षं हेच सांगायचे, बैठकीची खोली, वाटून खाल्लेला भात, आमची कोकणी माणसांची रीत. सांगताना गळा भरून यायचा आणि तो खोटा नव्हता.

मग २००४ च्या सुमारास गिरणी कामगारांच्या घरांसाठी फॉर्म भरायला मदत करत होते तेव्हा आमच्याच गावचे एक काका भेटले. वडिलांच्याच गिरणीत होते, पण तरासन खात्यात, सूत कातायच्या बाजूला. मी उत्साहाने म्हटलं, काका तुम्ही आपल्या खोलीवर कधी दिसला नाहीत. ते शांतपणे म्हणाले, बाय, ती खोली गावाची होती, आमची वाडी तिच्यात नव्हती. बौद्धवाडी. तांदळाची पोती त्यांच्यासमोरून जिना चढायची, आणि त्यांच्या घरात त्याच संपात धाकटा भाऊ शाळेतून काढून वडापावच्या गाडीवर लावला होता.

त्या रात्री मी वडिलांना विचारलं की काका साचेखात्यात का नव्हते, तिथे तर पगार जास्त होता. वडील आधी बोलेनात. मग म्हणाले, त्यांच्या लोकांना त्या खात्यात येऊच देत नव्हते आणि पुढेही ती रीत तशीच चालू राहिली. मागचं कारण मला नंतर वाचून कळलं. पूर्वी धोट्यात, म्हणजे मागावर आडवा धागा इकडून तिकडे नेणाऱ्या लाकडी तुकड्यात, सुताची नवी कांडी घातली की धागा भोकातून तोंडाने ओढून काढायचे, आणि दलिताने ओठ लावलेला धोटा आपण कसा लावायचा म्हणून सवर्ण कामगारच त्यांना विणकामाच्या खात्यात घेऊ देत नव्हते. मालक नाही, कामगार! लाल बावटा हातात असलेले कामगार. बाबासाहेबांनी १९२८ च्या संपाच्या वेळी हाच प्रश्न पुढाऱ्यांसमोर ठेवला होता, की सगळे एक म्हणता तर साचेखातं सगळ्यांना उघडं करा.

म्हणजे ज्या वारशावर मी उभी होते तो दोन गोष्टींनी बनला होता, वाटून खाल्लेला भात आणि बंद दार. भाताने मला आणलं खरं. पण नंतरची वीस वर्षं मला कामात धरून ठेवलंय ते त्या दाराने. काकांचं देणं लागते मी, ते फिटत नाही, आणि फिटत नाही म्हणून थांबताही येत नाही. मला वाटतं न्यायाची बांधिलकी जी म्हणतात ती अशीच येते, वारशाचा अभिमान माणसाला स्टेजवर चढवतो पण वॉर्ड ऑफिसच्या बाकड्यावर अकराव्यांदा बसवत नाही, देणं बसवतं.

आता दुसऱ्याच्या दारात कसं जायचं. यात मी मोठी चूक केलीय. सुरुवातीच्या वर्षांत मानखुर्दला पाण्याची पहिली मोठी सभा होती. वस्तीत मराठवाड्यातून दुष्काळात आलेली बौद्ध आणि मातंग कुटुंबं, उत्तर प्रदेशातून आलेली मुस्लिम घरं, थोडे तमिळ, थोडे आमच्यासारखे. मी एका शाहिराला बोलावलं, शिवरायांच्या पोवाड्याने सुरुवात केली, मला वाटलं मुंबईत हे सगळ्यांचंच. पोवाडा छान झाला. नंतर पाण्याचा विषय काढला तर पुढच्या दोन रांगा सोडून कोणी तोंड उघडेना. एक खाला जाताना म्हणाल्या, आपका प्रोग्राम अच्छा था. तुमचा! म्हणजे सभा त्यांची राहिलीच नव्हती, त्या पाहुण्या म्हणून बसल्या होत्या. पोवाड्याचा दोष नव्हता. सगळ्यांच्या घरात माझं सामान मांडून बसले होते, दोष तो होता.

पुढच्या वेळी मी काही मांडलंच नाही. बायकांची छोटी बैठक घेतली, बारा-पंधराजणी, आणि एवढंच विचारलं की तुमच्याकडे पाण्याबद्दल लहानपणी काय सांगायचे. खाला पहिल्यांदा बोलल्या. करबलाला तहानेने जीव गेले म्हणून मोहरमला आम्ही सबील लावतो, रस्त्यावरून जाणारा कोण कुठला विचारत नाही, पाणी पाजतो, आणि आज माझ्या सुनेला पाण्यासाठी रात्री दोनला उठून शिव्या खाव्या लागतात. मग जालन्याकडची एक मावशी म्हणाली, आमच्या बाबांनी महाडला तळ्याचं पाणी प्यायलं, तिची आजी ती गोष्ट जात्यावर सांगायची. एका ताईचं माहेर वारीच्या वाटेवरचं, ती म्हणाली आमच्या दारातून दिंडी गेली की आई रांजण भरून बाहेर ठेवायची, तहानलेला परत गेला तर पाप लागतं म्हणायची. तिघींची तीन दैवतं, तीन बोली, आणि मला काही बोलायची गरजच उरली नाही, कारण पाणी नाकारणं हा अन्याय आहे हे त्या आधीच जाणत होत्या, स्वतःच्या घरातून जाणत होत्या.

तू वारीचं उदाहरण दिलंस ते म्हणून चुकीचं नव्हतं. बहुतेक तू ते सगळ्यांचं उत्तर म्हणून दिलं असशील. ते तुझ्या वाट्याचं म्हणून सांग आणि मग दुसऱ्याला विचार, तुमच्याकडे काय आहे.

सहकाऱ्याच्या म्हणण्यातही खूप तथ्य आहे, त्याच्यावर रागावू नकोस. सबील, रांजण यातून पाइपलाइन येत नाही. आमच्या बायकांना लाइन मिळाली ती घरांचे गट करून, अर्ज भरून, पुरावे जोडून, वॉर्डातल्या पाणी खात्यात चकरा मारून. वस्ती बेकायदा म्हणून पाणी नाकारता येणार नाही, पाणी हा जगण्याच्या हक्काचा भाग आहे असं मुंबई हायकोर्टाने डिसेंबर २०१४ मध्ये म्हटलं, तो कागद हातात नसता तर आम्हाला खिडकीवरूनच हाकललं असतं. तेव्हा कायदा शिकच, आणि नीट शीक.

फक्त संविधान एकीकडे आणि संस्कृती दुसरीकडे असं तो मांडतो तिथे त्याचं चुकतं. महाडचंच घे. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करायचा सी. के. बोले यांचा ठराव मुंबईच्या कायदेमंडळात १९२३ मध्ये पास झाला होता. महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये तळं खुलं केल्याचा ठरावही केला. कागद होता की! पण तळ्यावर जायची कोणाची छाती झाली नाही, २० मार्च १९२७ ला बाबासाहेब हजारो माणसांसोबत पायऱ्या उतरले तेव्हा पहिल्यांदा ते पाणी प्यायलं गेलं. त्यानंतर मारहाण झाली, तळ्याचं गोमूत्राने शुद्धीकरण झालं, खटला झाला आणि हायकोर्टाचा निकाल यायला १९३७ उजाडलं. कायदा आधी आला, माणसं नंतर आली आणि निकाल त्याच्याही दहा वर्षांनी. मधली ती दहा वर्षं माणसं कशाने टिकली? गाण्यांनी, सभांनी, जयंत्यांनी, एकमेकांच्या घरी भाकरी खाऊन. आज आमच्या बौद्ध गल्लीत बुद्धवंदनेच्या खोलीत संविधानाची प्रत असते, तिथल्या पोरांना संविधान हाच वारसा आहे, आजीकडून आलेला. ६ डिसेंबरला ही पोरं शिवाजी पार्कला जाऊन तीन दिवस जेवण-पाणी वाटायच्या स्टॉलवर राबतात. रांग कशी लावायची, म्हातारीला आधी कसं घ्यायचं, भात कमी पडला तर काय करायचं, सगळं तिथे शिकतात. तोडकामाच्या दिवशी मला सगळ्यात भरवशाची वाटतात ती हीच पोरं, कुठल्याही ट्रेनिंगमधून आलेल्यांपेक्षा.

घरगुती गोष्टींचीही ताकद कमी समजू नकोस. १९७२ च्या महागाईत मृणाल गोरे आणि अहिल्या रांगणेकर यांच्याबरोबर मुंबईच्या बायका लाटणी घेऊन रस्त्यावर आल्या, थाळ्या वाजवल्या. हातात रोजचंच लाटणं असल्यामुळे मोर्च्याला कधीही न गेलेली बाईसुद्धा बाहेर पडू शकली. माझ्या वस्तीतली निम्मी संघटना आजही भिशीच्या वहीवर चालते. कोणाचा नंबर कधी, कोणाची अडचण खरी, कोण पैसे वेळेवर देतं हे बायकांना तोंडपाठ असतं, आणि फॉर्मवर सही कोणाची घ्यायची हेही त्याच वहीतून ठरतं.

वडिलांचं राहिलं. ते म्हणतात मोर्चा संस्कारात बसत नाही. त्यांच्याशी कायद्यावरून भांडू नकोस, त्यांच्याच अंगणात जाऊन बोल. चोखोबा मंगळवेढ्याला गावकुसाचं काम करताना भिंत कोसळून गेले असं परंपरा सांगते, आणि त्यांची समाधी पंढरपूरला महाद्वारासमोर आहे, देवळाच्या बाहेर. ती तिथे का आहे हे प्रत्येक वारकऱ्याला माहीत असतं. तरी विठ्ठलाचं देऊळ दलितांना उघडायला १९४७ साल उजाडावं लागलं, साने गुरुजींनी त्या मे महिन्यात पंढरपुरात उपोषण केलं तेव्हा दार उघडलं. वारकऱ्यांमधल्याच अनेकांनी तेव्हा विरोध केला होता, आणि गुरुजींच्या बाजूने उभे राहिले तेही वारकरी होते. मग विचार त्यांना, यातले संस्कार कोणाचे? आरडाओरडा न करता विचार. माझ्या वडिलांनी काकांच्या गोष्टीनंतर दोन महिने माझ्याशी धड बोलणं टाळलं, मग एके दिवशी मला म्हणाले की त्या काकांचा फॉर्म कुठे अडलाय ते बघ, मी साक्षीला येतो. आणि ते आले, गुडघे दुखत असताना तीन जिने चढून आले.

तेव्हा आजोबा आहेत तोवर त्यांच्याजवळ जाऊन बस. आषाढीच्या आधी गेलास तर ते स्वतःहून बोलतील. माळ कधी घातली, का घातली, वाटेत आजारी पडले तेव्हा कोणी सांभाळलं, पालखीच्या मुक्कामाला भाकरी कोणाच्या घरची खाल्ली, हे सगळं मनापासून ऐक आणि मोबाइलवर रेकॉर्ड करून ठेव. मग हळूच विचार की त्यांच्या दिंडीत कोण चालायचं नाही, आणि गावात परत आल्यावर काल्याच्या पंगतीत कोण लांब बसायचं. ते गप्प झाले तर घाई करू नकोस, पाणी दे आणि बसून राहा. जे सांगतील ते वस्तीतल्या पुढच्या बैठकीत सांग, दोन्ही भाग सांग, भाकरीचा आणि पंगतीचाही, आणि मग त्या सहकाऱ्याला म्हण की आता तू सांग, तुझ्या घरी काय होतं. काय झालं ते इथे लिही, मी वाट बघते.